पंचांच्या डोळ्यांदेखत

नियमाप्रमाणे चालू रणगाडा भंगारात काढता येत नाही आणि बंद रणगाडा ठेवून घेता येत नाही. खडकीच्या एका आवारात चाळीस वर्षे उभा असलेला रणगाडा या दोहोंपैकी कोणता, हे कागदावर कुठेच नव्हते. त्यामुळे जतन व विल्हेवाट कक्षाने असे ठरवले की, तीस तारखेपर्यंत तोफ चालते हे सिद्ध झाले तर जतन, न झाले तर विल्हेवाट. दोन्ही कामे एकाच कक्षाकडे असल्याने निकालाबाबत तेथे कोणाचाही आग्रह नव्हता.

सिद्ध करणे सोपे होते. हडपसरपलीकडच्या एका बंद खाणीत, मातीच्या ढिगावर, स्फोटक नसलेला एक सरावाचा गोळा मारायचा. पाच पंचांनी तो पाहायचा. आणि परिपत्रकातील नव्या कलमानुसार सेकंदाला वीस हजार चित्रे टिपणाऱ्या दोन कॅमेऱ्यांनी घटनेचे आणि पंचांचे एकाच वेळी चित्रीकरण करायचे. हे कलम कोणी घातले ते कोणालाच आठवत नव्हते. त्याखाली सह्या मात्र सगळ्यांच्या होत्या.

गोळा एकच शिल्लक होता.

तो झाडायचे काम निवृत्त हवालदार ज्ञानदेव गायकवाड यांच्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी ते याच रणगाड्यावर गनर होते आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी ग्रीसचा डबा घेऊन त्याच्याकडे जात. माझ्या गुडघ्यांना कधी बोट लावलं नाहीत, असे त्यांच्या पत्नी सुशीलाबाई दर रविवारी सांगत आणि डबा मात्र स्वतःच पिशवीत घालून देत. रणगाडा गेला तर रविवारी काय करायचे, हा विषय त्या घरात कोणी काढत नसे.

पंचनामा आदल्या दिवशीच टाइप करून त्यावर सह्या घेण्यात आल्या होत्या, कारण खाणीत धूळ फार. ‘आम्हा पंचांच्या डोळ्यांदेखत गोळा झाडण्यात आला,’ असे त्यात स्पष्ट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कक्षाधिकारी दिग्विजय साठे यांनी आकडे मोजले. तीन, दोन, एक. गोळा सुटला, ढिगात शिरला, चहा झाला.

चौथ्या दिवशी कॅमेरे चालवणाऱ्या नम्रताने चित्रफीत कक्षात आणून दाखवली. पहिल्या कॅमेऱ्यात गोळा तोफेच्या तोंडातून इतक्या सावकाश बाहेर आला की, ज्ञानदेव खुर्चीच्या कडेवर सरकले. आयुष्यात त्यांनी बरेच गोळे मारले होते, जाताना एकही पाहिला नव्हता. एवढ्या सावकाश जात असते तर समोरच्याला बाजूला व्हायला सांगता आलं असतं, असे ते म्हणाले.

मग दुसरा कॅमेरा लागला. ‘दोन’ म्हणताच पंचांच्या पापण्या खाली येऊ लागल्या. ‘एक’ला त्या पूर्ण मिटल्या होत्या आणि धूर निवल्यावरच उघडल्या. पाचवे पंच, कक्षातील लिपिक सुदर्शन, यांचे डोळे मात्र टक्क उघडे होते. त्यांच्या चष्म्यात त्यांचा मोबाइल दिसत होता. ‘शुभ सकाळ’ लिहिलेला गुलाब हजारो चित्रांत स्पष्ट उमटला होता.

निवृत्त मुख्याध्यापिका आणि ज्येष्ठ पंच ललिताबाई आपटे यांनी ताबडतोब हरकत घेतली. “मी डोळे मिटले नव्हते. मी नमस्कार करत होते.”

“कॅमेऱ्याने पाहिलं आहे ना, सर,” नम्रता म्हणाली.

“पंच सज्ञान लागतो,” साठे म्हणाले. “कॅमेऱ्याचं वय?”

“दोन वर्षं.”

“मग.”

ज्ञानदेव उठून उभे राहिले. “साहेब, गोळा ढिगात शिरला ते मी पाहिलं. दुर्बिणीवरचा डोळा हलवला नाही.”

“आपण हितसंबंधी आहात. शिवाय आपण एका डोळ्याने पाहिलंत. नियमात ‘डोळ्यांदेखत’ आहे. अनेकवचन.”

पंचनामा खोटा म्हणता येईना, कारण त्यावर सह्या होत्या. चित्रफीत खोटी म्हणता येईना, कारण ती परिपत्रकानुसार होती. तेव्हा गोळा सुटला, पण कोणी पाहिला नाही, अशी स्थिती नोंदवण्यात आली. तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. पंचांना आठ दिवस डोळे उघडे ठेवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. कक्षाच्या व्हरांड्यात सुतळी बॉम्ब लावण्यात आले. दोन हातांनी कान झाकावेत की पापण्या धराव्यात, असा पेच पडल्याने प्रत्येक पंचामागे कान झाकणारा एक सहायक नेमण्यात आला. पंच उत्तम तयार झाले. त्यानंतर गोळा उरलेला नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले.

तोडगा सुदर्शनने काढला. कार्यालयात वाचलेल्या कागदाला ‘डोळ्यांखालून गेला’ असेच म्हणतात. डोळ्यांदेखत काय, डोळ्यांखालून काय, डोळे आले म्हणजे झाले. घटनेची खरी हकीकत लिहून छापावी. ती ज्या पाच सज्ञान व्यक्तींच्या डोळ्यांखालून जाईल, त्यांना पंच मानावे. साठे यांनी त्यावर ‘मान्य’ लिहिले. न वाचता.

ज्ञानदेवांनी एकच शंका विचारली. “लोक शेवटपर्यंत वाचतील का, साहेब?”

“वाचायची अट नाही, गायकवाड,” साठे म्हणाले. “सहीची आहे.”

ती हकीकत म्हणजे हा मजकूर. आज अठ्ठावीस तारीख आहे. भंगाराचा ट्रक परवा सकाळी येईल. ज्ञानदेव या रविवारी नेहमीप्रमाणे आले होते आणि त्यांनी डबा घरी न नेता रणगाड्याखालीच ठेवला आहे.

आपण इथवर आलात, म्हणजे आपण पंच आहात. मधला एखादा परिच्छेद गाळला असेल तरी हरकत नाही. सहीसाठी खाली जागा सोडली आहे. मोबाइलवर ‘सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत’ या ओळीसमोर आपण रोज खूण करता, तशीच इथे करावी.

या वेळी चित्रीकरण नाही.