जावईबापूंचे बूट

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने खोलीच्या दाराबाहेर बूट काढून ठेवले, तर त्यात त्याचं काही चुकलं असं आपल्याकडे कोणी म्हणणार नाही. खोली वीतभर असो नाहीतर वाड्याएवढी, बाहेरची पायताणं आत आणायची नाहीत, हे चिरंजीवांना आईने चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. घरात सगळे त्यांना चिरंजीवच म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त असे. वसतिगृहाच्या त्या लांबलचक बोळात दुसऱ्या कुठल्याही दारापुढे साधी चप्पलसुद्धा नव्हती. यावरून चिरंजीवांनी एवढंच ताडलं, की या लोकांना वळण नाही.

त्यात ते बूट साधेसुधे नव्हते, जावईबापूंचे होते. एका सत्राच्या अभ्यासासाठी चिरंजीव निघाले तेव्हा ताईच्या यजमानांनी आपल्या लग्नातले तपकिरी चामड्याचे बूट स्वतः आणून त्यांच्यापुढे ठेवले होते. "जीव की प्राण आहेत माझे. जपून वापर आणि जसेच्या तसे परत आण," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. आईला तर भरूनच आलं. जावईबापूंचा स्वभाव तिला ठाऊक होता. मागे एकदा फोटोत कडेला उभं केलं म्हणून ते सासरी फिरकेनासे झाले, आणि दोन्ही घरांची मनधरणी करता करता ताई बिचारी अर्धी झाली. त्यामुळे विमानतळावर आईने चिरंजीवांना जवळ घेऊन सांगितलं, "एक वेळ तू हरवलास तरी चालेल, पण..." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. "तसं नव्हे रे. पण बूट सांभाळ."

सुरुवातीचे शनिवार सहलींत गेले, म्हणजे बूट चिरंजीवांच्या पायांतच होते. त्या शनिवारी मात्र ते खोलीत अभ्यास करत बसले, आणि दुपारी दार उघडून पाहतात तो बूट गायब. ते अनवाणीच व्यवस्थापकाकडे धावले.

"माझे बूट चोरीला गेले!"

"कुठे ठेवले होतेस?"

"दाराबाहेर."

"मग चोरी कसली?" व्यवस्थापक हसून म्हणाला. "शनिवारी दाराबाहेर ठेवलेली वस्तू म्हणजे नको असलेली वस्तू. ज्याला हवी त्याने न्यावी, अशी या इमारतीची रीतच आहे. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला मागे अख्खी सायकल मिळाली."

"पण मला ते हवे होते!"

"मग बाहेर कशाला ठेवलेस?"

आत फडताळात देव आहेत म्हणून, हे तिथल्या भाषेत कसं सांगावं ते चिरंजीवांना सुचेना. ते परत फिरले.

बूट सापडायला मात्र फार वेळ लागला नाही. सोमवारी वर्गात प्राध्यापक आले आणि त्यांनी आल्या आल्या एक पाय खुर्चीवर ठेवला. हे प्राध्यापक वसतिगृहाचे प्रमुख म्हणून तळमजल्यावरच राहत, आणि टाकून दिलेल्या वस्तूंचा पुनर्वापर हा त्यांचा विषय. चिरंजीव तोच शिकायला समुद्र ओलांडून गेले होते.

"हे पाहा!" प्राध्यापक गरजले. "अस्सल चामडं! शिवण पाहा! आणि हे कोणीतरी चक्क फेकून दिलं होतं! विचार करा, तो माणूस किती उधळा, किती बेजबाबदार असेल! असा माणूस या वर्गात असता, तर मी त्याला सरळ नापास केलं असतं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. चिरंजीवांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

त्याच संध्याकाळी घरून व्हिडिओ कॉल आला. ताई माहेरी आली होती आणि जावईबापू मधोमध बसले होते.

"काय म्हणतात आमचे बूट?" त्यांनी प्रकृतीसुद्धा विचारली नाही. "दाखव की जरा."

"पॉलिशला टाकलेत भावोजी."

"परक्या माणसाच्या हातात दिलेस?" जावईबापूंचा आवाज चढला. "येत्या शनिवारी आम्ही सगळे इथेच आहोत. तेव्हा मला बूट दिसले पाहिजेत."

त्यांच्या मागे आईचा चेहरा पडलेला चिरंजीवांना दिसला. ताई तर साडीच्या काठाशी चाळा करत खाली बघत होती. बूट मागावेत तर नापास, न मागावेत तर ताईच्या डोक्याला पुन्हा तोच ताप.

आठवडाभर डोकं खाजवल्यावर त्यांना युक्ती सुचली. प्राध्यापकांना खोलीवर चहाला बोलवायचं. आमच्यात बूट बाहेर काढतात असं म्हटलं की बूट आपोआप दाराबाहेर येतील. तेवढ्यात घरी फोन लावून दर्शन घडवायचं, की जावईबापू खूश आणि प्राध्यापकांनाही पत्ता नाही. प्राध्यापकांना शनिवारचीच सवड होती. युक्ती जमल्याच्या आनंदात शनिवार कसला असतो हे चिरंजीव साफ विसरले.

प्राध्यापक आले. बूट काढायची कल्पना त्यांना फारच आवडली. ते आत गालिच्यावर मांडी घालून बसताच चिरंजीवांनी खोलीतली खुर्ची बोळात नेली, तिच्यावर फोन टेकवून उभा केला आणि घरी कॉल जोडला.

"भावोजी, हे बघा बूट. मनसोक्त बघा, मी चहा घेऊन आलोच." दार ओढून घेऊन ते आत आले.

चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच बाहेर आरडाओरडा सुरू झाला. "चोर! चोर! पकडा! ए बाई, ठेव आधी ते खाली!"

दोघे मोजे घातलेल्या पायांनी बाहेर धावले. वरच्या मजल्यावरची ती सायकलवाली मुलगी जिन्यापाशी पांढरीफटक पडून उभी होती. बूट आवडले म्हणून तिने उचलले, खुर्चीही बरी दिसली म्हणून, टेकवलेला फोन न पाहताच बूट तिच्यावर ठेवून ती खुर्चीच घेऊन निघाली होती, तर खुर्ची तिच्यावर ओरडायला लागली. तिने सगळं तिथेच टाकून वर धूम ठोकली.

"हे गृहस्थ कोण?" प्राध्यापकांनी बूट काखेत मारून फोन उचलला. "आणि ते माझ्या बुटांवरून का ओरडताहेत?"

"तुझे प्राध्यापक का हे?" पलीकडून जावईबापू कडाडले. "त्यांना विचार, माझे बूट काखेत मारताना लाज कशी वाटत नाही!"

या वाक्याचा अनुवाद करण्याऐवजी चिरंजीवांनी सरळ खरं काय ते सांगून टाकलं. देव, दार, शनिवार, टाळ्या, सगळं. प्राध्यापकांनी आपल्या पायाकडे पाहिलं आणि ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांना एक विचार. त्यांच्या उजव्या पायाची करंगळी शाबूत आहे का?"

गडबडलेल्या चिरंजीवांनी विचारलं, आणि जावईबापूंचा चेहरा एकदम खुलला. समदुःखी माणूस भेटला होता.

"त्यांनाही चावले? अहो, लग्नात माझी करंगळी टोमॅटोसारखी सुजली होती! दोन पावलं टाकवत नव्हती. फेकायला जीव होईना, म्हणून म्हटलं, हा चाललाय तिकडे, तर याच्याच गळ्यात..."

जावईबापू थांबले, पण थांबायला जरा उशीर झाला होता.

प्राध्यापकांना मात्र हायसं वाटलं. "म्हणजे ते मुळात टाकलेलेच होते. मग माझं काही चुकलं नाही," असं म्हणून त्यांनी चिरंजीवांची पाठ थोपटली, पुनर्वापराला मर्यादा असतात हाच तुझ्या निबंधाचा विषय असं बजावलं, आणि बूट तिथेच ठेवून ते मोज्यांवर जिना उतरून गेले.

फोनवर आता आई पुढे सरकली. "पाय दाखव तुझा."

"कशाला आई?"

"दाखव म्हणते ना."

चिरंजीवांनी मोजा काढून फोन खाली धरला. करंगळीला पट्टी होती. पहिल्या दिवसापासून होती, पण जावईबापूंचे बूट चावतात असं म्हणायची त्या घरात सोय नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं आणि मान वळवली.

"जावईबापू, चहाची वेळ झाली."

"हो हो, चालेल ना," जावईबापू टेकून बसत म्हणाले.

"चालेल नव्हे. उठा," आई शांतपणे म्हणाली. "साखर वरच्या फळीवर आहे."

जावईबापूंनी ताईकडे पाहिलं. ताईने कितीतरी दिवसांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, उठलाच आहात तर माझाही टाका," ती म्हणाली.