एकोणचाळीस झाडं आणि एक साक्षीदार

वांग्याच्या पानावरचा तुडतुडा आपल्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे, हे तान्हाबाई खरातने संशोधन केंद्राच्या ऑफिसात तीनदा सांगितलं, पण एकानेही विश्वास ठेवला नाही. तुडतुडे बोलतात याबद्दल कुणाला शंका नव्हती. केळुसकर मॅडमचं यंत्र त्यासाठीच तर होतं. देठाला सेन्सर चिकटवला की तुडतुडा पोट थरथरवून जे म्हणेल ते कागदावर मराठीत छापून यायचं. रोजंदारीवरच्या बाईसाठी तो कशाला तोंड उघडेल, एवढीच शंका होती.

बियाण्यासाठी राखलेल्या चाळीस झाडांपैकी एकोणचाळीस पाण्यावाचून वाळली होती. पाणी सोडायचं काम तान्हाबाईचं. एकोणीस वर्षांत तिने एक पाळी चुकवली नव्हती, तरी ठपका तिच्यावरच आला आणि सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

"जाते. पण आधी पानाला विचारा," असं म्हणून ती ऑफिसच्या उंबऱ्यात बसली. चार दिवस सगळे तिला ओलांडून ये-जा करत होते. पाचव्या दिवशी चौकशी लागली.

चौकशीला जोंधळे साहेब आले. त्यांनी साक्षीदाराचा पत्ता लिहून घेतला: चौथी ओळ, जगलेलं झाड, खालून तिसरं पान. मग त्यांनी हरकत काढली, की साक्षीदार कीड आहे. तान्हाबाई म्हणाली, पान वाळलं तर आधी तोच उपाशी मरतो, त्याला खोटं बोलून काय मिळणार? साहेबांना ते पटलं. पण तोवर जेवणाची सुट्टी झाली आणि पुढची तारीख महिन्यानंतरची पडली.

तेवढ्यात साक्षीदार म्हातारा होऊन वारला. वारस म्हणून मुलीचं नाव लागलं. साहेब म्हणाले, ऐकीव साक्ष चालत नाही.

"तुमच्या घराची हद्द तुम्हाला कुणी दाखवली, सायेब? बापानंच ना?"

साहेबांनी जरा विचार करून 'ग्राह्य' असं लिहिलं.

मग मॅडमनी सेन्सर लावला आणि छापून आलं ते वाचून दाखवलं. बाई रोज सकाळी अनवाणी यायची, पाणी सोडायची. ती गेली की बुटाचे पाय यायचे आणि पाणी बंद करायचे. पाणी ठिबकलं की पानं हादरतात, मग तुमचं बोलणं नीट टिपता येत नाही, असं ते पाय आमच्या बापाला म्हणायचे. मॅडमचा आवाज कुठे हलला नाही. शेवटच्या ओळीशी मात्र त्या थांबल्या.

"पाय कुणाचे, ते आलंय का?" साहेबांनी विचारलं.

"आलंय."

"यंत्र चुकत असेल तर तसं सांगा. तेही लिहून घेतो."

तान्हाबाई मॅडमकडे बघत राहिली. यंत्र चुकतं म्हटलं, की मॅडमची त्यावर घातलेली आठ वर्षं मातीत आणि हिची रोजी पण.

"यंत्र चुकत नाही," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी तान्हाबाईला सोमवारी कामावर यायला सांगितलं आणि दोषीच्या रकान्यावर पेन टेकवलं. मॅडमनी चष्मा पुसला आणि साहेबांना लिहून घेता येईल इतक्या सावकाश नाव वाचलं: डॉक्टर शर्मिष्ठा केळुसकर.