सान्ता रुफिनातला विरोधी पक्ष

स्वराज्य अढीतल्या आंब्यासारखं असतं. ते पिकलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याने अढी घातली त्याचाच. (आंबा कोणाच्या झाडाचा, हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे.)

फिलिपाइन्सचा आंबा अमेरिकेने अढीत घातला होता आणि तो चाचपून बघायला टटल नावाचे निरीक्षक गावोगाव हिंडत. सान्ता रुफिनात त्यांची गाठ दोन क्रिस्पुलोंशी पडली. (‘दोन’ हा तिथला ‘रावसाहेब’सारखा मान आहे, क्रिस्पुलो एकच होते.) आपण दरवेळी बिनविरोध नगराध्यक्ष होतो, असं क्रिस्पुलोंनी छाती फुगवून सांगितलं.

“बिनविरोध?” साहेबांनी नाक मुरडलं. “विरोधाशिवाय लोकशाही कसली? यंदा विरोधक दिसला नाही, तर ‘गाव कच्चं’ असा शेरा मारीन.”

गावाच्या अब्रूचा प्रश्न! क्रिस्पुलोंच्या घशाखाली भात उतरेना. शेवटी ते बँडवाल्या आन्सेल्मोकडे गेले. त्याच्या पोरीचे ते धर्मपिता, त्यामुळे दोघे एकमेकांना ‘कुंपारे’ म्हणत.

“कुंपारे, माझ्याविरुद्ध उभा राहा.”

“मी? तू काय वाकडं केलंयस माझं?”

“काही नाही रे. देशासाठी कर.”

“बरं बाबा. पण बोलू काय?”

“पुलाबद्दल बोल.”

“कुठला पूल?”

“बस्स, हेच बोल!”

विरोधकाला लोकशाहीत जे जे लागतं ते सगळं क्रिस्पुलोंनीच पुरवलं: मंडप, घोषणा, टाळ्या आणि भाषणानंतर अख्खं भाजलेलं डुक्कर. आन्सेल्मो चाचरत उभा राहिला खरा, पण पुलापाशी आल्यावर त्याला असा काही सूर सापडला की पहिल्या रांगेतून क्रिस्पुलोच संतापून ओरडले, “कोण आहे हा नालायक नगराध्यक्ष?”

मतदानाच्या दिवशी मात्र चिठ्ठी हातात घेतल्यावर त्यांना गलबलून आलं. बिचाऱ्याला एकही मत पडलं नाही, तर बायकोला तोंड कसं दाखवील? एक मत आपलं असू दे. त्यांनी आन्सेल्मोचं नाव लिहिलं.

सान्ता रुफिनाची माणसं मुळातच कनवाळू. प्रत्येकाच्या मनात हेच आलं. सगळीच्या सगळी मतं आन्सेल्मोला पडली. (त्याचं स्वतःचंही. ‘निदान एक तरी हवं,’ म्हणून.)

“कुंपारे, मला नको रे हे!” आन्सेल्मो रडकुंडीला आला. “मला कर्णा सोडून काही वाजवता येत नाही!”

“गप. साहेब आलेत. हसून दाखव.”

साहेबांनी निकाल वाचला आणि भुवया उंचावल्या. “सगळी मतं एकालाच? म्हणजे यंदाही विरोध नाहीच!”

“आहे की, साहेब! मी हरलोय ना!” क्रिस्पुलो कळवळून म्हणाले.

“तुम्हाला मतं किती?”

“एकही नाही.”

“मग तुम्ही उभेच नव्हता.” आणि साहेबांनी शेरा मारला: कच्चं. दहा वर्षांनी पुन्हा चाचपावं.

पुढे टटल साहेब निवृत्त झाले. त्यांची जागा अजून भरलेली नाही. पात्रता एकच: ही हकिकत वाचून ‘असली माणसं कसलं राज्य चालवणार!’ असं मनापासून वाटायला हवं.

वाचकहो, आपला अर्ज पोचला आहे.