चार कॉलेजांचं पाणी

कॉलेज बघायला गेलेला माणूस इमारत बघतो, फीचा तक्ता वाचतो, फार तर वसतिगृहात डोकावतो. नथ्थूजी पाणी पीत. फाटकातून आत शिरले की टोपी सारखी करायची आणि दिसेल त्याला विचारायचं, "पानी कुठं हाये जी?" प्राचार्य, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे सगळं नंतर. आधी माठ.

नथ्थूजी आमच्या राळेगावच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी बांधत. मी तिथल्याच हायस्कुलात हेडक्लार्क. ते मला बाबूजी म्हणत आणि मी त्यांना नथ्थू म्हणत असे, तेही अरे-तुरे करून. वयानं ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. इथे लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. ही सुधारणा उशिराची आहे, आणि ती का झाली हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो.

तीस वर्षं कापूस हाताळल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. काहीही हाती आलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच ओढून बघायचं. कागद असो, पडदा असो, धोतराचं पान असो. कापसाचा धागा किती लांब आहे ते व्यापारी असंच बघतात. बरं वाटलं तर म्हणायचे, "धागा लंबा हाये." नाही आवडलं तर काहीच बोलत नसत. माणसांनाही हाच हिशेब. आमच्या हेडमास्तरांचा धागा लंबा होता. सायकलवाल्या रहीमभाईंचा तर फारच लंबा. माझ्याबद्दल काय मत आहे ते मी कधी विचारलं नाही.

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन नथ्थूजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले आणि घरातले देव गेले. देवांच्या कोनाड्यात त्यांनी मुलीच्या वह्या रचल्या. ही मुलगी म्हणजे शेवंता. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. बापलेक दोघंच. शेवंता, माझा वसंता आणि रहीमभाईंचा युसुफ एकाच वर्गात होते, एकाच वर्षी मॅट्रिकला बसायचे होते. म्हणून त्या वर्षी आम्हा तिघा बापांची बैठक एस. टी. स्टँडजवळच्या रहीमभाईंच्या सायकल दुकानात भरू लागली. रहीमभाई पंक्चर काढत, मी स्टुलावर बसे, नथ्थूजी उलट्या टाकलेल्या टायरवर. विषय एकच, पोरांना कुठल्या कॉलेजात घालायचं.

"अर्ज टाकायचा, जिथं मिळेल तिथं जायचं," मी म्हणालो.

नथ्थूजी टायरवरून उठलेच. "काय म्हनता बाबूजी! पोरगी द्याची अन् घर नाई पाहाचं?"

"अरे, कॉलेज आहे ते. सासर नाही."

"सासराले तर येक सोडून दुसरं पाहाता येते. कालेज बदलाले कोन देते?"

रहीमभाई तोंडातली बिडी काढून म्हणाले, "बात तो सही है, बाबूजी. चला, दिवाळीत जाऊ. बारात निकालू."

आणि खरोखरच वरात निघाली. आमच्याकडे स्थळ पाहायला एकट्यानं जात नाहीत. चार माणसं लागतात. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करणारा आणि एक वयस्क. नथ्थूजींनी हे सगळं नेमलं. बोलणारा मी, कारण मला इंग्रजी पाटी वाचता येत होती. चौकशीला रहीमभाई. वयस्क म्हणून जिनातला एक म्हातारा चौकीदार घेतला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण नवरदेव पाहायला चाललो आहोत. ऐकणारे नथ्थूजी स्वतः.

तीन शहरांतली चार कॉलेजं आम्ही बघितली. नथ्थूजी बाकावर बसून तो डुगडुगतो का बघत. खडूचा तुकडा दोन बोटांत चुरडत. एका ठिकाणी तर मुलींचं वसतिगृह बघायचं म्हणून सरळ आत निघाले आणि मागून आम्ही तिघे. वसतिगृहाच्या बाई छत्री घेऊन धावत आल्या.

"कोण तुम्ही? इथे पुरुषांना मनाई आहे!"

"बाई, आमी पोरीकडचे," नथ्थूजी हात जोडून म्हणाले. "भिंती पाहून राह्यलो. तुमी घाबरू नका."

म्हातारा चौकीदार मागून विचारतो, "अन् पोरगा कुठं हाये?"

छत्रीचा एक फटका रहीमभाईंच्या पाठीत बसला. वर्षभर ते ती पाठ दाखवून हसत.

पाण्याचं मात्र नथ्थूजी कधी विसरले नाहीत. वऱ्हाडात मुलगी द्यायच्या गावचं पाणी चाखून बघायची पद्धत आहेच, म्हणून आम्हाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. नवल वाटे ते त्यांच्या जिभेचं. पहिल्या कॉलेजात शिपायानं आमचं गाव विचारलं, नावं विचारली, नथ्थूजींचं आडनाव दोनदा विचारलं. नथ्थूजी माठाकडे वळले तसा तो लगबगीनं आडवा आला. "थांबा थांबा, मी देतो." नथ्थूजींनी ओंजळ धरली, त्यानं वरून धार सोडली. मी त्याच माठातलं पाणी गडवा, म्हणजे तांब्या, बुडवून प्यालो होतो. थंडगार, गोड पाणी. बाहेर आल्यावर नथ्थूजी म्हणाले, "खारं हाये."

"खारं? अरे, साखरेसारखं होतं!"

"तुमाले लागलं असंन. मले खारं लागलं."

त्या कॉलेजचा अर्ज त्यांनी आणलाच नाही. मी मनात म्हटलं, तंबाखूनं याची जीभ गेली.

अमरावतीच्या कॉलेजात ओसरीवर एक मोठा रांजण होता, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडवा. नथ्थूजींनी स्वतः झाकण काढलं, गडवा बुडवला आणि उभ्यानं, घोट घोट करत, गडव्याच्या काठावरून इकडेतिकडे बघत प्यायला लागले. इतका वेळ लावला की प्राचार्य खोलीतून बाहेर येऊन बघायला लागले. तेवढ्यात एक विद्यार्थी धावत आला. "काका, होऊ द्या लवकर, तास सुरू होतो!" म्हणाला, आणि त्यांच्या हातातला गडवा घेऊन उरलेलं पाणी घटाघटा पिऊन पळाला. नथ्थूजी रिकाम्या हाताकडे बघत उभे राहिले.

"कैसा है?" रहीमभाईंनी विचारलं.

"धागा लंबा हाये," नथ्थूजी म्हणाले. पाण्याला धागा कुठला? पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला थट्टा सुचली नाही. प्राचार्यांनी मात्र हसून विचारलं, "काय पाहुणे, पसंत आहे का आमचं पाणी?"

"पसंत हाये साहेब. जूनमंदी पोरगी घेऊन येतो."

जूनमध्ये निकाल लागला. शेवंता पहिल्या वर्गात पास झाली, युसुफ दुसऱ्या. माझा वसंता तिसऱ्या.

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेलं नाही.

कॉलेजचे अर्ज त्या काळी आमच्या शाळेमार्फत जात. मार्कांचा दाखला जोडायचा, हेडमास्तरांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि टपालात टाकायचं, हे काम माझं. वसंताचा आणि शेवंताचा अर्ज अमरावतीच्या त्याच कॉलेजला, एकाच विज्ञान शाखेला होता. वसंताचं पाकीट मी त्याच दिवशी टाकलं. शेवंताचं पाकीट खणात ठेवलं, हजेरीपटाखाली. उद्या टाकू म्हटलं. उद्याही तेच म्हटलं. शेवटची तारीख गेली तेव्हा ते तिथेच होतं.

तिच्यामुळे वसंताची जागा जाईल अशी भीती मला नव्हती. जागा पुष्कळ होत्या. जिनात गाठी बांधणाऱ्याची मुलगी, आणि त्या वस्तीतली मुलगी, माझ्या मुलाच्या पुढे बसेल, एवढंच मला सहन होत नव्हतं. मी स्वतःला पुढारलेला समजत असे. सभांना जात असे, टाळ्या वाजवत असे. तरी पाकीट खणात राहिलं.

वसंताला बोलावणं आलं. शेवंताला आलं नाही. नथ्थूजी सकाळच्या एस. टी.नं अमरावतीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाबूजी, अर्ज पोचलाच नाई म्हनते तठी. टपालात गायब झाला असंन. दुसरा दाखला देता का?"

"देतो की," मी म्हणालो आणि घाईघाईनं कोरा फॉर्म काढायला खण ओढला. हजेरीपट सरकला. खाली पाकीट. वर शेवंताच्या टपोऱ्या अक्षरात कॉलेजचा पत्ता, आणि तिकिटावर शिक्का नाही.

नथ्थूजींना वाचायला जेमतेम येई. पण मुलीचं अक्षर ते ओळखत. त्यांनी हात पुढे केला, पाकीट उचललं आणि सवयीप्रमाणे अंगठा आणि बोट यांत धरून हलकेच ओढून बघितलं. मी वाट बघत होतो. ते काहीच बोलले नाहीत. टोपीत पाकीट ठेवलं, टोपी डोक्यावर ठेवली. दारातून वळून एवढंच म्हणाले, "मीच हातानं नेतो, बाबूजी."

त्यांच्याबरोबर रहीमभाई गेले. पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. प्राचार्य म्हणाले, तारीख उलटून गेली, आता काही होत नाही. नथ्थूजी म्हणाले, "साहेब, तारीख आमी पाळली होती. दिवाळीतच पानी पेऊन गेलतो." प्राचार्यांनी चष्मा वर केला. "अरे! तुम्ही ते पाणीवाले!" आणि हसत हसत त्यांनी अर्जावर सही केली.

"मगर बाबूजी," रहीमभाई चाकाचे आरे पुसता पुसता म्हणाले, "टपालवाल्यांवर रपोट करायला पाहिजे. इतका महत्त्वाचा कागद!"

म्हणजे नथ्थूजींनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना हेच माहीत होतं, टपालात गहाळ झालं. पोस्टमन बिचारा महिनाभर बोलणी खात होता. मी ऐकत होतो.

शेवंता शिकली, अमरावतीलाच एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागली. वसंता दोनदा नापास होऊन तिच्याच वह्यांवर पास झाला. मागच्या दिवाळीत ती दाखल्याच्या नकलेसाठी कचेरीत आली होती. मी थट्टेनं म्हणालो, "तुझ्या बाबांची जीभ न्यारीच. गोड पाणी खारं लागायचं त्यांना."

नकलेची घडी घालत ती म्हणाली, "काका, बाबा पाणी चाखत नव्हते. स्वतः हातानं घेऊ देतात का, ते बघत होते. मला तिथे चार वर्षं तहान लागणार होती ना."

ती गेली. मी कोपऱ्यातल्या आमच्या माठाकडे बघत बसलो. नथ्थूजी कचेरीत पन्नास वेळा आले असतील. प्रत्येक वेळी मी मोठ्या अगत्यानं उठून म्हणत असे, "थांब नथ्थू, मी देतो." ते ओंजळ धरत. मी त्याला माझा चांगुलपणा समजत होतो. म्हणजे आमच्या कचेरीचं पाणी खारं आहे हे त्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी मुलीचा अर्ज त्यांनी माझ्याच हातात दिला होता. दुसरा हात गावात नव्हता.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नथ्थूजी ओट्यावर बसले होते. जिनातलं काम सुटलं होतं. समोर दोन अनोळखी शेतकरी आणि एक गोंधळलेला पोरगा. नथ्थूजी त्यांना सांगत होते, "बुधवारी निघू. मी येतो संगं. येकटे गेले तर लोक नुसती इमारत दाखोतेत." माणसं गेल्यावर कळलं की ते अजून वर्षाला तीन-चार कॉलेजं बघतात. दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आणि प्रत्येक फेरी अमरावतीवरून काढतात, वाट वाकडी करून.

"या बाबूजी. कसं काय येनं केलं?"

मी उभ्यानंच सांगून टाकलं. "नथ्थूजी, ते पाकीट मी मुद्दाम ठेवलं होतं."

"मालूम हाये."

"मग बोलला का नाहीत कुणाला?"

ते जरा वेळ अंगठ्यानं बोट चोळत राहिले. "तुमचा वसंता बी तठीच जानार होता. बापाचं असं ऐकून पोरगं कालेजात कोन्त्या तोंडानं बसंन? शिकलं नसतं ते."

उन्हातून चालत आलो होतो. तहान लागली होती. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पाणी द्यायला ते अर्धे उठले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खाली बसले.

"माठ आतमंदी हाये," ते म्हणाले. "तुमीच घ्या."

मी आत गेलो. कोनाड्यात शेवंताच्या वह्या अजून रचलेल्या होत्या. माठाशेजारी दोन गडवे होते, एक रोजचा, एक पाहुण्यांसाठी लख्ख घासून पालथा घातलेला. मी रोजचा घेतला, झाकण काढलं, गडवा बुडवला आणि दारात येऊन त्यांच्यासमोर उभ्यानं प्यालो. ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते, मुद्दाम.

गडवा रिकामा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं हाये?"

मी आत जाऊन पुन्हा भरून घेतला.