प्रश्नांचं भारनियमन

आमच्या गल्लीत मोबाईलमधल्या एआयला काही विचारायचं असेल, तर आधी भगवानअण्णांची परवानगी लागते.

अण्णा निवृत्त वायरमन. कळंब तालुक्यातल्या खांबांवर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता खाली उतरलेत, पण आवाज अजून वरूनच येतो. सुरुवात पेपरातल्या एका बातमीनं झाली. एआयला वीज लई लागते, त्यापायी देशाचं वीजधोरणच बदलतंय, खासगी कंपन्यांनाही अणुवीज काढू देणार, असं वाचून अण्णा तडक माझ्या दारात आले. मी शाळेचा अहवाल एआयकडून लिहून घेत होतो.

"सर, बंद करा ते! तुमी हितं बटन दाबताव अन् तिकडं ट्रान्सफॉर्मर घामाघूम हुतोय."

"अण्णा, एवढ्याशा अहवालाला कितीशी वीज लागणार?"

"तारेवर आकडा टाकून वीज चोरणारा बी हेच म्हणायचा!"

लोड वाढला की अण्णांना उपाय एकच ठाऊक, भारनियमन. शेतीपंपांना वार लावून वीज मिळायची, तसं त्यांनी गल्लीच्या प्रश्नांचं वेळापत्रक केलं आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चिकटवलं. सोमवार-गुरुवार आमची ओळ, मंगळवार-शुक्रवार शेखांची. बुधवारी मेंटेनन्स. प्रश्न विचारायचे तेही दिवसा, ऊन असताना, कारण "सोलरवर भागतंय". आभाळ आलं की प्रश्न बंद.

रोज सकाळी टेस्टर खिशाला लावून, वही घेऊन अण्णा दारोदार 'रीडिंग' घ्यायचे. काय विचारलंत, का विचारलंत, न विचारता भागलं नसतं का? शेखांच्या रुबीनानं लातूरच्या पहिल्या एसटीची वेळ विचारली म्हणून तिला झापलं. आमच्या हिनं भरल्या वांग्यांची कृती विचारली, तेव्हा तर अण्णा मटकन खालीच बसले.

"ताई, वांग्याला अणुभट्टी?"

गल्ली वैतागली. गुडघेदुखीवर औषध विचारलं म्हणून गोदाक्कांना अर्धा तास बोलणी खावी लागली, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की आता पुरे. हे अण्णांना सांगायचं काम, मास्तर म्हणून, माझ्या गळ्यात पडलं.

दुपारी गेलो. अण्णा बाहेर गेले होते. ओट्यावर वही पडली होती. मी बसल्या बसल्या उघडली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी पोरांना रोज शिकवतो.

तीन रकाने होते. घर, प्रश्न आणि निपटारा.

रुबीना शेख, लातूर गाडी. निपटारा : स्टँडवर जाऊन विचारले. तिच्या आजोबांना वेळ सांगितली.

गोदाक्का, गुडघे. निपटारा : येरमाळ्याहून तेल आणून सुनेकडे दिले. माझं नाव सांगू नको म्हणालो.

सर, वांगी. निपटारा : बाकी. आमची ही झकास करायची. कधी विचारून ठेवलं न्हाय.

पानंच्या पानं अशी भरली होती. प्रत्येक पानाच्या शेवटी अण्णांचं स्वतःचं घर होतं. त्यापुढं सरकारी अक्षरात एकच शब्द, निरंक. तारीख कुठलीही असो, निरंक.

काकू, म्हणजे अण्णांची 'ही', जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. मला माझीच लाज वाटली. भिंतीला भिंत लागून घर, आणि या माणसाला मी फक्त चुकवत आलो होतो.

तेवढ्यात अण्णा आले. वही माझ्या हातात बघून थबकले, पण रागावले नाहीत.

"सर, आज तुमचा वार न्हाय."

"माहीत आहे. पण एक विचारायचंय."

"इचारा."

गल्लीचा निरोप ओठांवर आला होता. तो गिळला.

"अण्णा, जेवलात का?"

अण्णा उगीचच ओट्यावरची धूळ झटकत राहिले.

"न्हाय वो," शेवटी हळूच म्हणाले. "एकट्यासाठी गॅस पेटवायचं जिवावर येतंय."

मी उठलो, त्यांचा हात धरला आणि त्यांना आमच्या घरी घेऊन निघालो.