केरबा पेंटरांच्या पाट्या आणि न आलेला कॅमेरा, याची हकिकत

श्रीसूर्यनारायणाचे चरणी दंडवत, की ज्याचे उजेडाविण रंग नाही आणि चित्रही नाही. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध चतुर्थी, रविवार, ते दिवशी सकाळचे दहा वाजता महाराजांनी कन्येस टेलिफोन केला. महाराजांचे नाव केरबा, लोक केरबा पेंटर म्हणत. राज्य म्हणजे एक पेठ, एक एसटी स्टँड, दोन चौक आणि त्यांतील दुकानांवर महाराजांनी स्वहस्ते रंगविलेल्या पाट्या, इतकेच. कन्या हेमलता परमुलखी मोठे शहरी ग्रंथालयात चाकरीस होती. महाराज त्या दिवशी संतुष्ट होते, कांद्याची पात आणि भाकरी खाऊन बसले होते, आणि म्हणाले, "हेमे, आता खोड काढत बसू नको. मिळंल तो कॅमेरा घे. सायकल मार्टवाला पाडव्याला पाटी उतरवतोय." कन्या बोलली, "आबा, एकाचा झूम तेवढा बघायचा राहिलाय. पुढच्या रविवारी पक्कं." तेव्हा महाराज हसून म्हणाले, "तुझ्या ह्या पुढच्या रविवारात माझ्या पंधरा पाट्या गेल्या." "आबा!" "गंमत केली गं. बोलू रविवारी." आणि टेलिफोन ठेविला. दुसरे दिवशी प्रातःकाळी चहा घेतला, वर्तमानपत्र उघडले, आणि दुसरे पान उलटण्यापूर्वी महाराज कैलासवासी जाहले.

ऐसे होण्यापूर्वीची हकिकत ऐसी की, महाराजांचा पराक्रम थोर. चाळीस वर्षे शिडीवर उभे राहून ब्रश चालविला, अक्षर असे की गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी पाटी वाचीत उभे राही, आणि पट्टी न लावता ओढलेली रेघ दोऱ्यासारखी सरळ येई. मग फ्लेक्सची पातशाही आली. ती फौज एका रात्रीत उभी राहते, पावसाळ्यात फाटते, पुन्हा उभी राहते, आणि वाढदिवसाच्या दादा-भाऊंची तोंडे घेऊन चौक अडविते. तिजपुढे हाताने काढलेल्या अक्षराचा निभाव लागला नाही. त्यातच महाराजांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा ब्रश टर्पेंटाइनने धुऊन ठेविला तो पुन्हा उचलिला नाही. श्रावणमासी महाराजांनी पेठेतून फेरी करून मोजदाद केली, तो तीनशेंपैकी पाट्या एकोणीस उभ्या. मग मनी आणिले की, ठाणी तर जाणार, निदान त्यांची चित्रे तरी दप्तरी राहावी. पुत्र संपतराव, ज्यांचेकडे महाराजांचे राहणे होते, ते म्हणाले, "आबा, माझा मोबाइल घ्या की. त्यात सगळं येतं." महाराज म्हणाले, "उन्हात त्याच्या काचेत माझंच थोबाड दिसतंय. आणि डोळा कुठं लावायचा त्याला?" ऐसे बोलून कन्येस आज्ञा जाहली की, कॅमेरा शोधावा, सदऱ्याच्या खिशात मावावा, डोळा लावण्यास खिडकी असावी, आणि हात हलला तरी अक्षर हलू नये.

कन्येने आज्ञा शिरसावंद्य मानिली आणि मोहीम मांडिली. एक वही केली, तीत रकाने आखिले, झूम किती, मेगापिक्सेल किती, वजन किती, आणि देशोदेशींचे जाणकार इंटरनेटावर काय लिहितात ते रोज वाचू लागली. एकाने एका यंत्रास उत्तम म्हणावे, दुसऱ्याने त्यासच टाकाऊ म्हणावे, मग तिसऱ्याचे मत घ्यावे, ऐसी खलबते चालली. आणि दर रविवारी महाराजांचा टेलिफोन येई. येथे एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. आईसाहेब निवर्तल्यास तीन वर्षे जाहली होती, आणि त्या तीन वर्षांत पितापुत्रीचे बोलणे सारे मिळून इतके, "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "झालं. ठेवू?" महाराज मुळातच अबोल, बोलणे आईसाहेबांचे खाती होते. कॅमेऱ्याची मसलत सुरू झाली तेव्हा मात्र महाराज तास तास बोलू लागले. पाटीपासून किती लांब उभे राहावे येथून आरंभ होई आणि मग ती पाटी कशी रंगविली तेथे पोहोचे. एके रविवारी सांगितले की, पिठाच्या गिरणीची पाटी रंगविताना वरून पिवळा रंग सांडला तो खालून जाणाऱ्या एका मुलीच्या छत्रीवर, आणि तिने वर पाहून विचारिले, "डोळे आहेत का बुबुळं काढलीत?" ती मुलगी म्हणजे आईसाहेब. ही गोष्ट कन्येने बेचाळीस वर्षांत ऐकिली नव्हती.

आश्विनमासी कन्येस यंत्र सापडले. शहरातील एका दुकानी काचेआड होते. काळे, तळहाताएवढे, खिशात मावणारे. डोळा लावण्यास खिडकी होती. कन्येने मुद्दाम हात हलवीत समोरच्या लाँड्रीच्या बोर्डाचा फोटो काढिला तो अक्षर न अक्षर स्वच्छ आले. दुकानदार म्हणाला, "ताई, बांधून देऊ?" कन्या म्हणाली, "बघते," आणि बाहेर पडली. रविवारी महाराजांनी उतावीळपणे विचारिले, "मिळाला?" कन्या बोलली, "खिडकी धुरकट आहे, आबा. तुम्हांला नाही जमायचा." महाराज म्हणाले, "असं? मग राहू दे. दुसरा बघ." ते दिवशी बोलणे एक तास पाच मिनिटे चालले. ही लबाडी कोणास ठाऊक नव्हती. पुढे कार्तिकात धान्यवाल्याची पाटी पडली, मार्गशीर्षात न्हाव्याची पडली, पौषात लॉजची पडली, आणि महाराज दर वेळी टेलिफोनवर सांगत, "आणि एक गेली बघ." कन्या दर वेळी नव्या यंत्राची नवी खोड सांगे. फाल्गुन लागला तेव्हा पाट्या चार उरल्या होत्या.

दहावे दिवशी, बुधवारी, सारे नदीकाठी दशक्रियेस जमा जाहले. पिंड मांडिला, सारे मागे सरले, आणि कावळ्याची वाट पाहू लागले. कावळा होता, समोरच्या बाभळीवर बसला होता, मान वाकडी करून पाही आणि खाली उतरेना. ऊन चढू लागले. महाराजांची धाकटी बहीण मथुराबाई पुढे होऊन म्हणाली, "केरबा, ये रं बाबा. लेकरं उपाशी हायती." कावळा हलेना. भाचे तुकाराम हळूच म्हणाले, "मामा दहादा लांबून बघितल्याशिवाय शिडी लावत न्हवता. कावळ्याला पण तेच शिकवलंय." कोणी हसले, कोणी त्यास गप्प केले. मग संपतराव हात जोडून म्हणाले, "आबा, माझा संसार नीट आहे. काळजी करू नका." कावळा हलेना. मग म्हणाले, "ताईला अंतर देणार नाही." कावळ्याने पंख झाडले आणि पुन्हा मिटले. गुरुजींस पलीकडच्या घाटावर दुसरे कार्य होते, ते म्हणाले, "काय राहिलं होतं त्यांचं? आठवा. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू." तेव्हा संपतराव एकदम म्हणाले, "कॅमेरा! आबा, कॅमेरा मी घेतो. उरलेल्या चारी पाट्यांचे फोटो उद्याच काढतो. शब्द देतो." सारे बाभळीकडे पाहू लागले. कावळ्याने मान दुसरीकडे फिरविली.

कन्या मागे उभी होती. तीस पूर्ण ठाऊक होते की महाराजांचे काय राहिले, आणि हेही ठाऊक होते की, भावाचा शब्द खरा असून उपयोगाचा नाही. गुरुजींनी दर्भ हाती घेतला, त्याची गाठ मारू लागले. एकदा दर्भाचा कावळा पिंडास लागला की कार्य संपले आणि बोलणेही संपले. मथुराबाई वळून म्हणाली, "हेमे, तू बोल की गं. शेवटाला तुझ्यासंगंच बोलायचा न्हवं का? रविवारचं आम्हाला फोनपाशी फिरकू देत न्हवता." चाळीस माणसे समोर, भाऊ समोर, आणि सारे तिजकडे महाराजांची लाडकी लेक म्हणून पाहताहेत. तिने गुरुजींस म्हटले, "थांबा," आणि पुढे येऊन पिंडासमोर उभी राहिली.

सारांश, मोहीम सात महिने चालली, यंत्रे बावीस पाहिली, आणिले एकही नाही, ठाणी एकोणीस होती त्यांतील पंधरा चित्राविण पडली, महाराज गेले, आणि दोष यंत्राचा नव्हता. येणेप्रमाणे वर्तमान असता कन्या सर्वांदेखत मोठ्याने बोलली ते ऐसे:

"आबा, कॅमेरा आश्विनातच मिळाला होता. खिडकी धुरकट नव्हती. त्यात काहीच खोट नव्हती, मी खोटं बोलले. तो घेतला असता तर तुम्ही पाट्यांकडे गेला असता, आणि रविवारी परत 'जेवलीस, ठेवू' एवढंच राहिलं असतं. मला तुमचं बोलणं हवं होतं, आबा. तुमच्या पाट्या मी घालवल्या."