डबा बघणारा शिवगोंडा

लोक हात बघून भविष्य सांगतात. आमचा शिवगोंडा डबा बघून घरची बातमी सांगायचा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघं कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका खोलीत राहायचो. मी कागलचा, बाळू कबनूरचा आणि शिवगोंडा पार कर्नाटकाच्या हद्दीलगतचा. तिघांचे डबे रोज सकाळी आपापल्या गावच्या एसटीनं यायचे. स्टँडवर जायचं, कंडक्टरकडून भरलेला डबा घ्यायचा, कालचा रिकामा त्याच्या हातात द्यायचा. पण खोलीवर आल्यावर शिवगोंडानं तपासल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. हा कायदा त्यानंच केलेला.

एकदा माझी आमटी चाखून म्हणाला, "मीठ दोनदा पडलंय. तुझी आई आन् वयनी एकमेकीसंगं बोलत न्हाईत."

"गप ए, आमच्यात असलं काही नसतं," मी म्हटलं. शनिवारी घरी गेलो. नव्हत्याच बोलत.

बाळूची चटणी जिभेवर ठेवून म्हणाला, "पाट्यावर वाटलीया. गावात लाईट न्हाय."

"म्हणजे यंत्रमाग बंद, आणि बाप घरात बसून सगळ्यांचं डोकं खाणार," असं म्हणून बाळू त्या आठवड्यात गावाकडं फिरकलाच नाही.

"डबा खोटं बोलत न्हाय, मर्दा," असं सांगून शिवगोंडा दोघांच्या डब्यातलं निम्मं चेपायचा. ती तपासणीची फी.

शेवटचं वर्ष आमचं पहिलं होतं, त्याचं दुसरं. आदल्या वर्षी इंग्रजीच्या पेपरादिवशीच त्याच्या गावची एसटी वाटेत बंद पडली. डबा आला नाही. हा पेपरला बसला खरा, पण गाडी आता आली असंल, या काळजीनं अर्ध्यातनं उठला आणि थेट स्टँडवर गेला. पर्यवेक्षकांना वाटलं, पोरगं पोटानं बेजार आहे. इंग्रजी अर्थात गेलं.

"अरे, एक दिवस जेवला नसतास तर मेला असतास काय?" मी विचारलं.

"जेवायचं कुणाला पडलंय? भरल्याला डबा तसाच माघारी गेला तर अव्वा काय समजंल? ती चालत कोल्हापुरात आली असती की!"

अव्वा म्हणजे त्याची आई. पोरगं पदवीधर होईपर्यंत एक दिवस डबा चुकवायचा नाही, असा तिनं गावच्या देवापुढं नेम धरलेला. पहिली एसटी गाठायची म्हणून अंधारात चूल पेटवायची आणि दुखरा गुडघा धरत फाट्यापर्यंत यायची. पोरगं नापास झालं, म्हातारीचं आणखी एक वर्ष चुलीत गेलं.

"औंदा पास व्हायचंच," शिवगोंडा म्हणाला. "उन्हं वर येईस्तोवर झोपल्याली बघायचीया तिला. एकदा तरी." आम्ही दोघं उगीचच डबे घासायला उठलो.

मग त्यानं अभ्यास केला. बापरे, काय केला! इंग्रजी निबंध असा ओरडून पाठ करायचा की खालचा गवळी जिना चढून आला. "पावणं, जरा हळू. म्हस बुजतीया." पेपरादिवशी कॉमर्सवाल्या बाळूला सुट्टी होती, त्याला डब्यासाठी उजाडायलाच स्टँडवर उभा केला.

निकाल लागला. शिवगोंडा पास! पेढे राहिले बाजूला, पठ्ठ्या एसटीडी बूथवर पळाला. गावच्या किराणा दुकानात फोन लावून अव्वाला बोलावून घेतलं.

"अव्वा, झालो पास! नेम फिटला तुझा. परवा खोली सोडून येतोच. उद्या डबा न्हाय. उद्या झोप. ऐकलंस न्हवं? झोप!"

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा आणायला निघालो, तर काही काम नसताना हाही बरोबर आला. त्याच्या गावची गाडी लागली. खिडकीतनं कंडक्टर ओरडला, "ए शिवगोंडा, डबा घे की!"

"मामा, नको म्हणून फोन केल्ता की मी!"

"मला काय सांगतोस? फाट्यावर गाडी आडवून हुबी हुती तुझी अव्वा. म्हटली, पोरगं पास झालंय, आज उपाशी ठिवू व्हय? पुरणपोळ्या हाईत. रातभर चुलीपुढनं हालली न्हाय म्हणं."

शिवगोंडा डबा पोटाशी धरून फलाटावरच खाली बसला आणि सगळ्या स्टँडदेखत हमसून हमसून रडायला लागला. मलाही राहवेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसं त्यानं वर बघितलं.

"हिला झोपवायला आता मी आनखी काय पास हू, सांग की."